पूर ओसरल्यावरचे प्रश्न : कृष्णाकाठचं संघटन, संस्कृती आणि हिरवा रोजगार

सांगली जिल्ह्यात, मिरज आणि पलूस तालुक्यांच्या मधल्या पट्ट्यात, कृष्णेच्या काठावर आमचं गाव. २०१९ च्या पुरानंतर आम्ही दहा-पंधरा जण आठवड्यातून एकदा बसायला लागलो. शेतकरी, एक वायरमन, अंगणवाडीच्या दोन ताई, भजनी मंडळातले चौघे, ऊसतोडीला जाऊन परत आलेला एक पोरगा. संस्था नाही, लेटरहेड नाही. आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात आणि साधारण तेच प्रश्न विचारतात. सांगून सांगून घसा बसला, म्हणून हे वारंवार विचारले जाणारे प्रश्न लिहून ठेवतोय. क्रम कशाचाच लावलेला नाही.

पूर काय दरवर्षी येतो का?

नाही, आणि सगळी गोची तिथंच आहे. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा. त्याच्यावरचे पाण्याच्या उंचीचे फूट आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. ४० ला इशारा, ४५ ला धोका. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं, पुढच्या वर्षी पुन्हा वर आलं, आणि मग बरीच वर्षं काठ निवांत राहिला. २०१९ ला ५७ च्या वर. २०२१ ला परत ५४ च्या वर. २०१९ ला कितीतरी म्हातारी माणसं भिंतीवरची २००५ ची रेघ दाखवून "ह्याच्या वर येत न्हाई" म्हणत घरात बसली आणि माळ्यावर अडकली.

मधल्या निवांत वर्षांत काय झालं ते महत्त्वाचं. होड्या विकल्या गेल्या किंवा कुजल्या. ओढ्यात भराव पडले. पाटबंधारे खात्याची निळी पूररेषा नकाशावर राहिली आणि घरं तिच्या आत गेली. पोहता येणारी पिढी पुण्याला नोकरीला गेली. पूर येतो आठ-दहा दिवसांचा, त्याची तयारी मात्र अशी दहा-बारा वर्षं बिघडत जाते.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळेच येतो ना?

या प्रश्नावर आमच्या गटातच दोन तट आहेत, त्यामुळे जपून लिहितो. २०१९ नंतर सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने मुख्य दोष अलमट्टीला न देता कमी दिवसांत कोसळलेला प्रचंड पाऊस आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यांच्यावर बोट ठेवलं. अनेकांना ते पटलेलं नाही. त्यात अलमट्टीची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ पर्यंत नेण्याचा कर्नाटकचा बेत आहे, त्यामुळे काठावर धास्ती राहणारच आणि विरोध व्हायलाच हवा.

पण गावात बसून जे दिसतं तेही सांगतो. महाबळेश्वर-कोयनेचा पाऊस वरून येतो. कोयना धरण १०५ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), वारणा ३४ चं. दोन्ही भरत आलेली असताना पाऊस लागला की दारं उघडावीच लागतात. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते आणि आणखी खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. तिन्ही नद्या एकदम फुगल्या की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे थोपतं. उतारही कमी. म्हणून आमच्याकडे पूर लोंढ्यासारखा अंगावर येत नाही. तो बोटबोट चढतो आणि उतरायला आठवडा घेतो. घरातली माती भिजत राहते ती त्यामुळे.

'हिरवा रोजगार' म्हणजे झाडं लावायची का?

हा प्रश्न विचारताना माणूस थोडा हसतो, आणि ते बरोबरच आहे. दर जूनला खड्डा, रोप, फोटो. जुलैत रोप आणि नावाची पाटी दोन्ही नदीत.

आम्ही सोपा अर्थ घेतो. ज्या कामानं घर चालतं आणि माती-पाणी-हवा बिघडत नाही, झालीच तर थोडी सुधारते, ते काम. या हिशेबानं उसाचं पाचट न पेटवता त्याची कुट्टी करून देणारा माणूस हिरवं काम करतो. क्षारपड रानात निचऱ्याचे पाइप टाकणारी टोळी, छतावर सोलर बसवणारा आणि दोन वर्षांनी बिघडल्यावर येऊन दुरुस्त करणारा, काठावर वाळा आणि बांबू जगवणारी बाई, पुरानंतरच्या ढिगातून प्लास्टिक, लोखंड, गाद्या वेगळ्या करणारे लोकही तेच करतात. यातलं शेवटचं काम सर्वांत हिरवं, सर्वांत घाण आणि सर्वांत कमी पैशाचं आहे. ते करणाऱ्यांना हातमोजे आणि बूट मिळाले पाहिजेत हा आमचा सगळ्यात जुना ठराव, आणि तो अजून पुरता अमलात आलेला नाही.

क्षारपड जमिनीचा पुराशी काय संबंध? ते तर जास्त पाणी पाजल्यानं होतं.

बरोबर. वर्षानुवर्षं पाटानं पाणी सोडलं, खताच्या गोणी ओतल्या, भारी काळ्या रानात निचरा नाही, त्यामुळे क्षार वर आले. मिरज, वाळवा, पलूस तालुक्यांत अशी रानं पांढरी पडलेली दिसतात. पुराचं पाणी अशा रानात साचलं की ते आणखी महिनाभर वाफशावर, म्हणजे पेरता येईल इतक्या ओलीवर, येत नाही. म्हणजे पीक पुरात जातं आणि पुढचा हंगामही हुकतो.

त्यावर उपाय आहे. जमिनीखाली चार-पाच फुटांवर गाळणी गुंडाळलेले सच्छिद्र पाइप टाकायचे, ते मोठ्या पाइपला जोडायचे आणि पाणी ओढ्यात काढायचं. दोन-तीन पावसाळ्यांत क्षार धुऊन जाऊ लागतात आणि रान पुन्हा उगवायला लागतं. तंत्र अवघड नाही. अवघड आहे ते असं, की माझ्या रानातलं पाणी ओढ्यापर्यंत न्यायला मधल्या सहा जणांच्या रानातून पाइप गेला पाहिजे. त्यातल्या दोघांची भाऊबंदकी कोर्टात, एक मुंबईला, एकाला वाटतं आपल्या रानात दुसऱ्याचं खारं पाणी येईल. एकट्यानं करायचं हे काम नाहीच. म्हणून आम्ही म्हणतो, या जिल्ह्यात हिरव्या कामाचं पहिलं कौशल्य लेव्हल लावणं नाही, माणसं बसवणं आहे. आमच्या शिवारात पाइप टाकायला तीन आठवडे लागले आणि सह्या गोळा करायला दोन वर्षं.

पाइप टाकणारी टोळी मात्र बाहेरची आली. तेव्हा आमची पोरं बांधावर उभी राहून बघत होती. आता त्यातले चौघे शेजारच्या गावात हेच काम करतात.

त्यासाठी नवीन मंडळ काढावं लागेल का?

कृपा करून काढू नका. गावात आधीच किती मंडळं आहेत ती मोजा. तालीम, गणेश मंडळ, भजनी मंडळ, महिला बचत गट, दूध संस्था, विकास सोसायटी, क्रिकेटची टीम. त्यातलं प्रत्येक एखाद्या कामाला तयार झालेलं असतं, फक्त त्याला ते माहीत नसतं. भजनी मंडळाला गावातलं प्रत्येक म्हातारं माणूस कुठल्या खोलीत झोपतं ते ठाऊक असतं. दूध संस्थेकडे गोठ्यांचा आणि जनावरांचा हिशेब असतो. जनावर हलवल्याशिवाय शेतकरी घर सोडत नाही, म्हणून पुरात ही वही पोलिसांच्या यादीपेक्षा मोलाची ठरते.

आणि होड्या. सांगलीवाडी, कसबे डिग्रज, समडोळी, कवठेपिरान या पट्ट्यात कृष्णेवर होड्यांच्या शर्यती होतात. काठावर तोबा गर्दी, शिट्ट्या, पैजा. ज्यांनी ती वल्ही मारताना पाहिलीत त्यांना कळेल, की वाहत्या पाण्यात होडी सरळ कशी ठेवायची, किती माणसं घ्यायची आणि कधी नाही म्हणायचं, हे या पोरांच्या हातात असतं. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि बायका-लेकरं डोळ्यांदेखत गेली. त्या दिवसाबद्दल दुरून शहाणपण सांगायचं नाही. पण त्यानंतर आम्ही एक गोष्ट ठरवली. शर्यतीच्या संघातल्या पोरांना पावसाळ्याआधी बसवायचं, लाइफ जॅकेट मोजायची, बोटीचं इंजिन सुरू करून बघायचं, आणि बोटीत किती माणसं चढवायची तो आकडा बोटीवरच रंगवायचा. सरकारच्या 'आपदा मित्र' योजनेत बारा दिवसांचं प्रशिक्षण असतं. तालुक्याला विचारा, आणि नावं देताना पुढाऱ्याचा पुतण्या देऊ नका, वल्हं मारणारा द्या.

रोजगाराच्या गोष्टीत संस्कृती कशाला आणता?

हरिपूरला जा. तिथं जमिनीत हळद साठवायची पेवं होती, काही अजून आहेत. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं. तिथली माती अशी, की ती ढासळत नाही आणि आत ओल धरत नाही. हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहायची, विजेचं बिल शून्य. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आत हवा खेळू द्यायची, कंदील सोडून बघायचा, विझला तर माघारी. पेव खणणारे, भरणारे, उतरणारे यांची ती विद्या होती. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, हळद सडली आणि बहुतेकांनी पेवाचा नाद सोडून गोदाम धरलं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण हळद साठवण्याची जी पद्धत हिरवी होती ती तोवर जवळजवळ संपली होती. पुरानं घरं पाडली त्याचे पंचनामे झाले. एक कसब बुडालं, त्याचा पंचनामा कुठल्या रकान्यात करणार?

दुसरं उदाहरण भोपळ्याचं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ ला मानांकन मिळालं. तंबोऱ्याचा भोपळा मिरजेत होत नाही, तो पंढरपूरकडच्या नदीकाठच्या रानांतून येतो. असाच वाळका भोपळा कमरेला बांधून आमच्या आज्या-पणज्या पोहायला शिकल्या. एकाच वेलावर एक वाद्य आणि एक लाइफ जॅकेट. आम्ही पोरांना पोहायला शिकवतो तेव्हा हे सांगतो. ती हसतात, पण पाण्यात उतरतात.

म्हणजे कलावंतांनाही काम आहे?

आहे, आणि पैसे देऊन आहे. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणलं, वाळवा तालुक्यातल्या ज्या मातीत अण्णा भाऊ साठे आणि पठ्ठे बापूराव जन्मले, तिथं पुराची सूचना मोबाइलवरच्या कोरड्या इंग्रजी मेसेजनं द्यावी लागते हे नवल. आमच्याकडे एका शाहिरानं धरणाची दारं उघडल्यावरचे क्युसेक (सेकंदाला सुटणारे घनफूट) आणि आयर्विनचे फूट यांचा कवन-हिशेब बांधला. कोयनेतून इतकं सुटलं तर आपल्या पाणंदीत साधारण कधी, अशा चालीवर. बायकांना तो जात्यावरच्या ओवीसारखा पाठ झाला. कार्यक्रमाला मानधन ठेवा. नारळ आणि शालीवर कुणाचं घर चालत नाही.

पूर-वादळं समुद्रकाठच्या लोकांनीही सोसलीत. त्यांचं आणि आपलं काय जुळतं?

२००५ चा पावसाळा आठवा. आपल्याकडे पाणी ओसरलं आणि त्याच महिन्याच्या शेवटी, २९ ऑगस्टला, अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर कॅटरिना वादळ आदळलं. न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. वाचताना दोन गोष्टी आम्हाला आपल्याशा वाटल्या.

पहिली मजुरीची. सरकारी कंत्राटावर तिथला चालू मजुरीदर देण्याचा कायदा वादळग्रस्त भागात सप्टेंबरमध्येच स्थगित केला गेला. काम मोठ्या कंत्राटदारांना, मजूर बाहेरचे, दर पडलेले. ओरड झाली तेव्हा नोव्हेंबरात कायदा परत लागू झाला. पुरानंतर गाळ काढायला कुठून तरी डंपर येतात आणि गावातला माणूस चावडीवर रेशनच्या रांगेत उभा असतो, हे चित्र आम्हीही पाहिलंय.

दुसरी गोष्ट मंडळांची. तिथल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत जुनी सहाय्य मंडळं आहेत. आजारपणाला, मयतीला वर्गणीतून मदत करायची, म्हणजे आपल्या भिशीची चुलत बहीण. हीच मंडळं बँडबाजा लावून रस्त्यावर मिरवणूकही काढतात. वस्त्या विखुरल्या, माणसं परराज्यांत गेली, आणि मिरवणूक पुन्हा निघाली तेव्हा लांबून लांबून तिच्यासाठी आली. आपल्याकडे यात्रेला चाकरमानी येतो तसं. यात्रेला आलेल्या माणसाला पुराच्या कामाला धरायचं ही युक्ती आम्ही तिथून नाही, आमच्या सरपंचबाईंकडून शिकलो. पण ताडून बघायला बरं वाटलं.

आपल्याच कोकणात बघा. वेंगुर्ल्याला स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून खाडीतल्या कांदळवनाची सफर घडवतात. ज्या खारफुटीनं किनारा सांभाळला तिच्यावरच त्यांनी पोट उभं केलं. आमच्या गावच्या बायकांना तिथं नेऊन आणायचं आहे, गाडीचे पैसे जमले की.

ज्याला जमीनच नाही त्याला पुरानंतर काय?

हा प्रश्न विचारणारी माणसं मीटिंगला मागे, दाराशी बसतात. पंचनामा घराचा होतो, पिकाचा होतो, जनावराचा होतो. बुडालेल्या रोजगाराचा होत नाही. ऊस झोपला की मालकाला भरपाईचा अर्ज तरी असतो. भांगलणीच्या, तोडणीच्या बाईचा तो हंगामच गेला, आणि भाडेकरू असेल तर घराचा कागदही दुसऱ्याच्या नावावर.

याचं उत्तर या जिल्ह्यानं एकदा देशाला दिलेलं आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये वि. स. पागे यांच्या पुढाकारानं रोजगार हमीचा प्रयोग झाला. मागेल त्याला काम, आणि कामातून उभी राहणारी मालमत्ता गावाची. पुढे खर्चासाठी १९७५ ला पगारदारांवर व्यवसाय कर बसला, १९७७ ला महाराष्ट्राचा कायदा आला. देशाचा कायदा व्हायला २००५ उजाडलं. विसापूर दुष्काळी पट्ट्यातलं. तिथं बंडिंग आणि पाझर तलाव झाले तसं काठावर काय होईल? ओढ्यातला गाळ, पाणंदीचे रस्ते, उंचवट्यावरची जनावरांची छावणी, रोपवाटिका. ही कामं मे महिन्याच्या आराखड्यात आधीच लिहिलेली असली, तर पूर उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, सुरू करता येतं. लिहिलेली नसली तर नोव्हेंबर उजाडतो. दर आणि दिवस यांचे नियम बदलत राहतात, ते ग्रामपंचायतीत विचारून घ्या. १ मेची ग्रामसभा त्यासाठीच पकडा. उन्हाचं कुणी येत नाही, म्हणून ठराव लवकर होतात.

सोलरचं काम शिकावं का? नोकरी मिळेल?

शिका. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन झालेल्याला ते पटकन जमतं. २०२४ च्या 'पीएम सूर्यघर' योजनेत घरच्या छतासाठी १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्तीला ७८,००० रुपये अनुदान आहे, त्यामुळे मागणी आहे. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, ती बघून या.

मात्र आमचा वायरमन प्रत्येकाला तीन गोष्टी सुनावतो. काठावरच्या घरात इन्व्हर्टर आणि मीटर २०१९ च्या रेघेच्या वर लावा. पाणी चढायला लागलं की पॅनलकडची डीसी बाजू कशी तोडायची हे घरातल्या बाईला शिकवा, कारण उन्हात पॅनल वीज करतच राहतं आणि घरचा मेन स्विच पाडून ते थांबत नाही. आणि बसवण्यापेक्षा दुरुस्तीत जास्त दिवस काम आहे. बसवणारे शहरातून येऊन जातात, धूळ आणि माकडं इथंच राहतात.

पवनचक्क्यासुद्धा हिरव्याच ना? मग त्यांच्यावर तुम्ही नाराज का?

वनकुसवडे-चाळकेवाडीचं पठार सातारा जिल्ह्यात, ढालगावचं आमच्याकडे कवठेमहांकाळ तालुक्यात. पाती फिरतात, वीज जाते, धूर नाही. त्या अर्थानं हिरव्याच. पण पठारावर जाऊन बसा आणि ऐका. जमिनी दलालामार्फत गेल्या, भाव काय होता ते नंतर कळलं, रस्त्यासाठी बांध गेला, आणि गावच्या पोराला नोकरी मिळाली ती वॉचमनची. पात्यावर चढून नट आवळणारा परमुलखातला. विजेचा रंग हिरवा असून व्यवहार काळा असू शकतो, एवढंच आमचं म्हणणं. आता सौर प्रकल्पांसाठी जमिनी भाड्यानं मागायला माणसं फिरतायत. भाडं किती वर्षांचं, दरवाढ किती, जमीन परत कशा अवस्थेत मिळणार, देखभालीची किती कामं गावाला, हे कागदावर मराठीत मागा. सही ग्रामसभेनंतर.

उलट उदाहरणही साताऱ्यातच आहे. कास पठारावर २०१२ च्या जागतिक वारशाच्या नावानंतर गर्दी उसळली, तेव्हा आजूबाजूच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी शुल्क, वाहनतळ, वाटाड्ये यांची व्यवस्था हातात घेतली. त्यातही भांडणं आहेत, कुंपणावरून तर खूपच. पण हंगामाचा पैसा गावात फिरतो.

आम्ही पाटणच्या डोंगरातले. आमच्याकडे पूर नाही, दरड आहे.

जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळून जे झालं त्यानंतर हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. आम्ही काठावरची माणसं, डोंगराचं आम्हाला तुमच्याइतकं कळत नाही. तिकडच्या जाणत्यांकडून ऐकलेलं पुढे देतो. रानात नवी भेग, विजेचा खांब किंवा झाड तिरकं होणं, झऱ्याला एकाएकी गढूळ पाणी किंवा चालता झरा बंद, दार-खिडकी अडकायला लागणं. यातलं काहीही दिसलं आणि पाऊस थांबत नसेल, तर रात्र तिथं काढायची नाही. गावात एक साधा पर्जन्यमापक आणि रोज सकाळी आकडा लिहिणारी एक मुलगी, हे काम पगारी असावं असा आमचा आग्रह आहे. कोयनेसाठी या लोकांनी जमिनी दिल्या, १९६७ चा भूकंप सोसला. पावसाची वही ठेवण्याचे पैसे मागणं म्हणजे फार मागणं नाही.

दुष्काळी आटपाडी-जतच्या माणसांनी पूरग्रस्तांसाठी का झटावं?

झटले की! २०१९ ला भाकरी आणि वैरणीचे टेम्पो पूर्व भागातूनही आले. ज्यांच्याकडे टँकरनं पाणी येतं त्यांनी आमच्यासाठी पिण्याच्या बाटल्या पाठवल्या. तेव्हा लाज वाटली, अजून वाटते.

संघटन कसं करायचं हे आम्हीच त्यांच्याकडून शिकावं. ऐंशीच्या दशकात खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीनं येरळा नदीतल्या वाळूचा प्रश्न उचलला. वाळू जाते तर पाणीही जातं, मग वाळूचा पैसा गावाच्या पाण्याला का नको? त्यातून लोकांनी बळीराजा धरण उभं केलं, आणि पाणी जमिनीच्या मापानं न वाटता घरामागे वाटायचं, भूमिहीनालाही वाटा, हे तत्त्व मांडलं. नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं आटपाडीत पाणी परिषदा वर्षानुवर्षं भरत राहिल्या. याच मुलखात १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं गावोगावी न्यायनिवाडे आणि कमी खर्चाची लग्नं लावली होती. आणि सांगलीतच नव्वदच्या दशकात देहविक्रय करणाऱ्या बायकांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. ज्यांना कुणी बैठकीला बोलावत नव्हतं त्यांनी स्वतःची बैठक मांडली. पुरात अशा वस्तीत सगळ्यात शेवटी मदत पोहोचते, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

बचत गटाला कोणतं काम लगेच सुरू करता येईल?

रोपवाटिका. काठ धरून ठेवायला वाळा, बांबू, करंज, उंबर लागतात. जागा मात्र पूररेषेबाहेर घ्या. आम्ही पहिल्या वर्षी नदीजवळ पाणी सोपं म्हणून तिथंच केली आणि सगळ्या पिशव्या गेल्या. त्या पिशव्या पुढे कुणाच्या शिवारात रुजल्या असतील तर त्यांनी कळवावं.

तुम्ही कुठल्या पक्षाचे?

गटात चार पक्षांची माणसं आहेत. निवडणुकीच्या महिन्यात बैठक बंद ठेवतो.

पैसे कुठून येतात?

वर्गणी, यात्रेच्या शिलकीतला वाटा, आणि निचऱ्याच्या टोळीतल्या पोरांनी स्वतःहून सुरू केलेलं दरमहाचं योगदान. हिशेब देवळाच्या फळ्यावर खडूनं लिहितो. एकदा मोठी मदत देतो म्हणून एक बडी मंडळी आली, अट एवढीच की प्रत्येक होडीवर त्यांचं नाव. होडीवर माणसांचा आकडा लिहायलाच जागा कमी पडते, म्हणून नको म्हटलं.

मगरींचं काय?

भिलवडी-औदुंबरपासून सांगलीपर्यंत नदीत मगरी आहेत, आणि पूर आला की त्या ओढ्यानं मळ्यात येतात. दगड मारू नका, वन विभागाला कळवा. पोहायचा वर्ग आम्ही नदीत घेत नाही, विहिरीत घेतो.

बैठक कधी असते? बाहेरच्यांनी आलं तर चालतं का?

गुरुवारी रात्री, भजन संपल्यावर, देवळाच्या सोप्यात. भजनाला आधी आलात तर जागा मिळेल. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी होडी डांबर लावून पाण्यात सोडून बघतो, तेव्हा जास्त माणसं लागतात. जुने कपडे घालून या, डांबर निघत नाही. आणि पोहता येत नसेल तर आधीच सांगा, म्हणजे वल्ह्याऐवजी चहाकडे बघायला देऊ.